मागून आणलेला दागिना मुलाने हरवला तर

लग्नकार्यात, गौरींच्या दिवसांत किंवा नवरात्रात माढेश्वरीच्या दर्शनाला जाताना जावेची ठुशी किंवा शेजारणीची मोहनमाळ मागून घालण्यात माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी कोणाला वावगे वाटत नाही, आणि अशा देवघेवीचा कागद तर सहसा कोणी करीत नाही. परंतु तोच दागिना घरातल्या लेकराच्या गळ्यातून गर्दीत पडला, की तो भरून कोणी द्यायचा हा वाद सुरू होतो. हा वाद जुना आहे. सोलापूरच्या पूर्वेकडील कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, येथील चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि तीत विवाहादी उत्सवांसाठी मागून आणलेली वस्त्रे व अलंकार म्हणजे ‘याचित’ असे सांगून त्यांना ठेवीचाच नियम लावला आहे. राजाने, दैवी आपत्तीने वा चोराने वस्तू नेली तर घेणाऱ्याकडून ती वसूल करू नये, मात्र मालकाने मागूनही ती दिली नाही आणि मग ती गेली तर मूल्य आणि तेवढाच दंड भरावा, असा तो नियम.

आजचा भारतीय करार कायदा 1872 चा असून त्याच्या नवव्या प्रकरणात ‘बेलमेंट’ म्हणजे निक्षेप, अर्थात काम झाल्यावर परत करण्याच्या अटीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे, याचे नियम आहेत. कलम 151 प्रमाणे सामान्य शहाणपणाचा माणूस तेवढ्याच किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणाऱ्याने घेतली पाहिजे, आणि ती घेतली असेल तर, वेगळा करार नसल्यास, कलम 152 त्याला नुकसानीच्या जबाबदारीतून मोकळे करते. वस्तू फुकट दिली होती म्हणून ही कसोटी सैल होत नाही. मात्र काळजी घेतल्याचा पुरावा घेणाऱ्याने द्यायचा असतो, कारण त्याच्या घरात काय घडले ते त्यालाच ठाऊक असते. त्यामुळे पाटल्या कपाटात कुलूपबंद होत्या की उघड्या फळीवर मुलाच्या हाताशी होत्या, यावर निकाल फिरू शकतो.

कायद्याच्या दृष्टीने मूल येथे जवळजवळ अदृश्य असते, कारण विचारणा वस्तू मागून नेणाऱ्या प्रौढाकडे होते. त्यातही सर्वांत कडक तरतूद कलम 154 ची आहे. ठरलेल्या वापराबाहेर वस्तू वापरली तर झालेले नुकसान घेणाऱ्याने भरावे, असे ते सांगते, आणि त्याखाली कायद्यानेच दिलेले उदाहरण असे, की एकाने केवळ स्वतःच्या स्वारीसाठी घोडा मागून नेला, घरातल्या दुसऱ्याला बसू दिला, त्याने घोडा सांभाळून चालवला तरी तो अपघाताने पडून जखमी झाला, तर नेणारा जबाबदार. या न्यायाने, स्वतःला घालण्यासाठी मागितलेली ठुशी आईने हौसेने मुलीच्या गळ्यात घातली, तर ‘काळजी घेतली होती’ हा बचाव फारसा उपयोगी पडणार नाही. ठरलेल्या मुदतीत वस्तू परत केली नाही तर त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारीही कलम 161 घेणाऱ्यावर टाकते. मिताक्षरेतल्या दंडाच्या नियमाशी त्याची जवळीक लक्षणीय आहे.

वस्तू मुलानेच मित्राकडून मागून नेली असेल तर चित्र उलटे होते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात ठरवले. उरतो तो अपकृत्याचा, म्हणजे कराराबाहेरील दिवाणी अन्यायाचा, दावा. इंग्लंडमध्ये 1863 च्या बर्नार्ड विरुद्ध हॅगिस खटल्यात, उड्या मारायच्या नाहीत या अटीवर भाड्याने घेतलेली घोडी उडी मारण्यास लावल्याने मेली, त्याबद्दल अल्पवयीन तरुणाला जबाबदार धरले गेले, कारण ती कृती मुळात परवानगीच्या बाहेरची होती. निव्वळ निष्काळजी वापराबद्दल मात्र तेथील न्यायालये त्याला सोडत आली आहेत. आईवडील केवळ पालक म्हणून अशी भरपाई देण्यास बांधलेले नसतात. त्यांच्या स्वतःच्या देखरेखीतील हलगर्जी दाखवावी लागते.

रागाच्या भरात पोलिसांत ‘विश्वासघात’ लिहून द्यायला धावणे बहुधा व्यर्थ ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मधील फौजदारी विश्वासघाताला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि हरवणे हा गुन्हा नव्हे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य तर कलम 20 अन्वये गुन्हाच ठरत नाही. गहाळ झाल्याची नोंद मात्र अवश्य करावी. कारण दागिना सापडून ताब्यात घेणाऱ्यावर करार कायद्याचे कलम 71 मागून नेणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकते, आणि त्याने मालक ठाऊक असूनही तो अप्रामाणिकपणे स्वतःचा करून घेतला, तर तो गुन्हा होतो.

भरपाईचा दिवाणी दावा सामान्यतः तीन वर्षांत आणावा लागतो. त्यासाठी सराफाची पावती, वजन, हॉलमार्कचा क्रमांक, दागिना घातलेली छायाचित्रे आणि मागणीचे फोनवरील संदेश उपयोगी पडतात. तरीही जावाजावांच्या भांडणात तालुक्याच्या न्यायालयातील लोकअदालत अधिक शहाणपणाची वाटते: दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण तेथे नेता येते, शुल्क लागत नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेथील तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून सोन्याचे वजन, घडणावळ, धरायचा भाव आणि हप्त्यांच्या तारखा सही करण्यापूर्वीच त्यात नीट लिहून घ्याव्या लागतात.