थिजलेला फोन आणि पेढीचा हिशेब

पूर्वी पेढीचा सारा हिशेब रोजमेळ व खतावणी यांत असे. आज त्याचा मोठा भाग खिशातील स्मार्टफोनमध्ये असतो. गिऱ्हाइकांच्या मागण्या, मालाच्या पावत्या, उधारीची टिपणे आणि २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून पैशांची देवघेवही त्यातूनच होते. असे यंत्र ऐन गर्दीत थिजले व पडदा बोटास दाद देईनासा झाला, म्हणजे व्यापाऱ्याचा जीव टांगणीला लागणे स्वाभाविकच होय. अशा वेळी काय करावे व काय करू नये, हे सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कारण पाहू. फोनमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची, तीस वखार म्हणावे. दुसरी तात्पुरती, म्हणजे रॅम. ती कापडाच्या दुकानातील गादीसारखी होय. चालू कामापुरते ठाण गादीवर उलगडावे, तसे चालू अ‍ॅप तेथे मांडले जाते. एखाद्या सदोष अ‍ॅपने गादी अडविली, की नव्या कामास जागा उरत नाही. वखार काठोकाठ भरली तरीही फोन मंदावतो. आणि उन्हात तापलेला फोन स्वतःच्या रक्षणार्थ आपली गती कमी करतो.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. फोन बंद करून पुन्हा सुरू केला असता केवळ गादी रिकामी होते. वखारीतील माल जागच्या जागी राहतो. न साठविलेले चालू लिखाण तेवढे जाईल. यास्तव या उपायास भिण्याचे कारण नाही.

उपाय मात्र सौम्यापासून तीव्राकडे, क्रमाने करावेत. आधी मिनिटभर थांबावे. अँड्रॉइड फोनवर एखाद्या अ‍ॅपने सुमारे पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर ते बंद करावे काय, असे फोन स्वतःच विचारतो. फोन तापला असल्यास चार्जर काढून तो सावलीत ठेवावा. तरीही पडदा हलत नसेल, तर काही अँड्रॉइड फोनांत चालू-बंद करण्याचे व आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. आयफोन ८ व त्यापुढील फोनांत आवाज वाढविण्याचे बटण दाबून सोडावे, मग कमी करण्याचे दाबून सोडावे, आणि बाजूचे बटण सफरचंदाचे चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवावे.

दोष वारंवार उद्भवत असेल, तर वखारीतील अनावश्यक चित्रफिती काढाव्यात व नुकतेच घेतलेले अ‍ॅप काढून पाहावे. अँड्रॉइडच्या सेफ मोडमध्ये बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत; तेथे फोन सुरळीत चालला, तर दोष अशाच एखाद्या अ‍ॅपमध्ये आहे असे समजावे. फोनची पाठ फुगलेली दिसल्यास मात्र बॅटरी बिघडली असे जाणून तो चार्ज करू नये, दाबूही नये. थेट दुरुस्तीस न्यावा.

पैसे पाठवीत असतानाच फोन थिजला, तर रक्कम लगोलग दुसऱ्यांदा पाठवू नये. आधी बँकेच्या खात्यात नोंद पाहावी. रक्कम येणे असल्यासही गिऱ्हाइकाच्या पडद्यावर विसंबू नये. आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी.

फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय होय. त्याने वखारच रिकामी होते. “फॉरमॅट करून देतो” असे दुरुस्तीवाला सहज म्हणतो. पण हिशेबाची प्रत अन्यत्र असल्याखेरीज त्यास होकार देऊ नये. आपल्या गूगल वा अ‍ॅपल खात्याचा पासवर्डही ठाऊक असावा, कारण पुढे फोन तो मागतो. यूपीआयचा पिन तर कोणासही सांगू नये.

सारांश, थिजलेला फोन बहुधा पुन्हा चालू होतो. पुसलेली उधारी मात्र प्रतीवाचून परत येत नाही. दररोज गल्ला मोजूनच दुकान बंद करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा, अशी आमची विनंती आहे.