कोसबाडच्या अनुताई

सप्टेंबर महिना म्हणजे आपल्याकडे मोळी टाकण्यापूर्वीची धांदल. मिलचे रोलर उघडलेले, तोडणी-वाहतुकीचे करार चाललेले, मुकादमांच्या उचलीच्या आकड्यांवर पारावर चर्चा रंगलेली. याच महिन्याच्या २७ तारखेला, १९९२ साली, कोसबाडच्या अनुताई वाघ गेल्या. सभासद बंधु-भगिनींनो, त्यांचा आणि उसाचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे.

अनुताई मूळच्या आपल्याच देशावरच्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी १७ मार्च १९१० ला त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि वर्ष उलटायच्या आत कपाळ पांढरे झाले. त्या काळी अशा पोरीने घराचा कोपरा धरायचा. यांनी पुस्तक धरले. शिकून मास्तरीण झाल्या, आधी नाशिककडे खेड्यात, मग पुण्याला शिकवले. पन्नाशी उलटल्यावर, डोळे साथ देत नसताना, पदवीसुद्धा घेतली. पण पुण्याची बरी नोकरी सोडून १९४५ साली त्या ताराबाई मोडकांच्या हाताखाली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, आणि १९५६ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांच्या शेजाराला राहिल्या. पुढचे सारे आयुष्य तिथलेच झाले. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो.)

शाळा काढली खरी, पण पोरे येईनात. येणार कशी? आईबाप पहाटेच जमीनदाराच्या गवतकापणीला किंवा जंगलात. मोठा पोरगा गुरांमागे. पोरगी आठ-नऊ वर्षांची असली तरी तिच्या कडेवर धाकटे भावंड. आपण असतो तर म्हटले असते, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, आणि हजेरीपट मिटून ठेवला असता. ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला. पोर शाळेत येत नाही ना, मग शाळेने पोराकडे जायचे. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरवली. गुरे चरतात त्या कुरणातच झाडाखाली वर्ग घेतला, त्याचे नाव कुरणशाळा. आणि ज्या पोरीच्या कडेवर तान्हे होते, तिच्यासाठी शाळेला लागूनच पाळणाघर काढले, म्हणजे तिने भावंड खाली ठेवावे आणि पाटी हातात घ्यावी. आमच्या मते ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट. फी माफ केली, पाट्या वाटल्या, तरी कडेवरचे ओझे उतरल्याशिवाय ती पोरगी शिकणार नाही, हे त्या बाईने शेजारी राहून पाहिले होते.

साधनेही तिथलीच. मॉन्टेसरी पद्धतीचे महागडे लाकडी सामान कुठून आणायचे? चिंचोके, शंखशिंपले, पाने, काड्या यांवरच मोजणी शिकवली. पोर आले की आधी आंघोळ, नखे, केस. खरूज असेल तर आधी औषध, मग अक्षर.

ताराबाई १९७३ साली गेल्या. पुढचा भार अनुताईंनी ओढला. १९८५ साली पद्मश्री मिळाली. अंगणात भरणाऱ्या त्या बालवाडीवरून पडलेले अंगणवाडी हे नाव २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या बालविकास योजनेमुळे देशभर गेले. आज आपल्या प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, पण ते नाव कुठून आले हे किती जणांना ठाऊक असेल?

आता आपल्या शिवाराकडे वळू. दिवाळीच्या मागेपुढे बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. कोप्या पडतात. नवराबायकोचा कोयता तांबडे फुटायच्या आत फडात. आणि मागे कोपीपाशी कोण असते? तीच कोसबाडची पोरगी, कडेवर तान्हे घेऊन. तिच्या गावच्या शाळेचे दुसरे सत्र आपल्या उसात बुडालेले असते. यावर काहीच झाले नाही असे नाही. साखरशाळा निघाल्या. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला आणि अशा मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचे ठरले. त्यांच्या गावी हंगामी वसतिगृहेही निघाली. पण जवळची शाळा म्हणजे पुष्कळदा दोन-तीन किलोमीटर, मध्ये पाट आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता, आणि तान्ह्याला कुठे ठेवायचे हा सवाल आहे तसाच. तोडकरी चार-पाच महिने आपल्या बांधाला राहतात. आपली विहीर, आपली सावली वापरतात. गावच्या भाषेत याला शेजारच म्हणतात.

यंदा एवढे तरी करता येईल. ज्या सभासदांच्या रानात कोप्या पडतात त्यांनी जागा दाखवतानाच एक मोठी, सावलीची, पाण्याजवळची जागा पोरांसाठी राखावी. टोळीतलीच एखादी वयस्क बाई तान्ह्यांना सांभाळायला तयार असते. तिची मजुरी गटातल्या बागायतदारांनी वाटून घेतली तर कुणाच्या अंगावर येणार नाही. गावच्या अंगणवाडीच्या बाईंना कोप्या उठण्याआधी नव्हे, पडल्या त्याच आठवड्यात निरोप द्यावा. आणि मुकादमाकडून पोरांची नावे व वये लिहून घेऊन यादी चिटबॉयजवळ द्यावी. सहा वर्षांखालची किती, हा रकाना तिच्यात जरूर असावा.