एकाच कागदावर घर आणि देश

१७७५ च्या उन्हाळ्यात नॅरॅगॅनसेटच्या खाडीत ब्रिटिश नौदलाने बेंजामिन हिचबॉर्न नावाच्या एका तरुण बॉस्टनकर वकिलाला पकडलं. त्याच्याजवळ फिलाडेल्फियाहून आणलेली पत्रं सापडली. त्यांतली दोन जॉन अ‍ॅडम्सची होती, दोन्ही २४ जुलैची. एक पत्नी अ‍ॅबिगेलला, दुसरं जेम्स वॉरन या मित्राला. बायकोच्या पत्रात जॉनने कॉन्टिनेन्टल काँग्रेस या अमेरिकी वसाहतींच्या सभेतल्या सहकाऱ्यांच्या लहरींबद्दल, चिडखोरपणाबद्दल तक्रार केली होती. वॉरनच्या पत्रात तर त्याने पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनची, नाव न घेता पण ओळखू येईल अशी, चांगलीच खिल्ली उडवली होती. ब्रिटिशांनी ती पत्रं बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून टाकली. सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवर दोघं समोरासमोर आले, तेव्हा जॉनने हॅट काढून अभिवादन केलं आणि डिकिन्सन मानही न हलवता निघून गेला. ही नोंद जॉनने स्वतःच्याच डायरीत केली आहे.

त्या काळच्या पत्राला असा धोका होता. टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून पत्र ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचं. तो माणूस पकडला गेला की घरातलं बोलणं चव्हाट्यावर यायचं. तरीही जॉन आणि अ‍ॅबिगेल लिहीत राहिले. १७६२ ते १८०१ या काळातली त्यांची अकराशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या जन्मकाळाचे दस्तऐवज कमी नाहीत. पण धान्याचा भाव, मुलाचा ताप आणि राज्यघटनेचा विचार एकाच कागदावर, एकाच दमात भेटतात ते या पत्रांत.

अ‍ॅबिगेल स्मिथ ही वेमथच्या धर्मोपदेशकाची मुलगी. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, घरच्या पुस्तकांवर वाढली. १७६४ मध्ये, विसाव्या वाढदिवसाच्या जेमतेम आधी, तिचं जॉनशी लग्न झालं. दहा वर्षांनी तो काँग्रेससाठी फिलाडेल्फियाला गेला. ब्रेनट्रीची शेती, चार मुलं, गडीमाणसं आणि देणीघेणी तिच्या अंगावर पडली. १७ जून १७७५ ला बंकर हिलची लढाई तिने सात वर्षांच्या जॉन क्विन्सीला सोबत घेऊन घराजवळच्या टेकडीवरून पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने पत्र लिहायला घेतलं, त्यात कुटुंबाचा स्नेही डॉ. जोसेफ वॉरन लढाईत पडल्याची बातमी होती. मग शरदात जुलाबाची साथ आली. घर आजारी पडलं आणि १ ऑक्टोबरला अ‍ॅबिगेलची आई गेली. नवरा शेकडो मैलांवर. दुःख सांगायला तिच्याजवळ कागदच होता.

आपलं अक्षर आणि शुद्धलेखन याची तिला आयुष्यभर लाज वाटायची. पत्रं जाळून टाक, असं तिने नवऱ्याला बजावलं. आधी तुला विसरावं लागेल, मगच ती जाळता येतील, अशा अर्थाचं उत्तर त्याने १७७६ च्या एप्रिलमध्ये दिलं. ते नुसतं प्रेमापोटी नव्हतं. पत्रं नीट ठेव, पुढच्या पिढ्यांना या संकटकाळाचं चित्र त्यांतून दिसेल, असं त्याने दोन वर्षांपूर्वीच तिला कळवलं होतं. १७७६ च्या जूनमध्ये तर त्याने पत्रांच्या नकला उतरवण्यासाठी मोठी वही विकत घेतली आणि तिलाही तशी घ्यायला सुचवलं.

या सगळ्यात सर्वांत गाजलेलं पत्र ३१ मार्च १७७६ चं. नव्या कायद्यांत स्त्रियांचा विचार करा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, ही मागणी अ‍ॅबिगेलने त्यात केली. शाळकरी पुस्तकांत तेवढीच ओळ येते. सबंध पत्र वाचलं तर ती मागणी कशाच्या शेजारी बसली आहे हे दिसतं. दोन आठवड्यांपूर्वी ब्रिटिश सैन्य बॉस्टन सोडून गेलं होतं. तिथलं आपलं घर घाण झालं आहे पण शाबूत आहे, पलटणीचा एक डॉक्टर त्यात राहत होता, हे ती कळवते. बारुदीसाठी लागणारा सोरा अजून करून पाहिलेला नाही, साबण बनवून झाला की तो प्रयोग करीन, असं लिहिते. दुसऱ्या माणसांना गुलामीत ठेवायची सवय झालेल्या व्हर्जिनियाकरांना स्वातंत्र्याची ओढ खरोखर तितकी असेल का, ही शंकाही तिथेच आहे. साबण, सोरा, गुलामगिरी, स्त्रियांचे हक्क. तिच्या दृष्टीने ही वेगवेगळी खाती नव्हतीच, आणि तिच्या विचाराचं बळ मला यातच दिसतं.

जॉनने १४ एप्रिलला उत्तर पाठवलं: तुझा हा कायदा वाचून हसू येतं. क्रांतीमुळे पोरं, उमेदवार कारागीर, इंडियन, निग्रो सगळेच डोकं वर काढू लागल्याचं ऐकलं होतं, आता आणखी एक मोठी जमात बंडाला उठली म्हणायची! अ‍ॅबिगेलने मर्सी ओटिस वॉरन या लेखिका-मैत्रिणीला ही हकीकत कळवली आणि ७ मे रोजी नवऱ्याला सुनावलं, की सगळ्या राष्ट्रांना मुक्त करायला निघालेले तुम्ही लोक बायकांवरची निरंकुश सत्ता मात्र सोडायला तयार नाही.

पण गोष्ट हसण्यावारी गेली नव्हती. २६ मे १७७६ ला जॉनने मॅसॅच्युसेट्सच्या जेम्स सलिव्हन याला मताधिकारावर लांबलचक पत्र लिहिलं. कायद्याला जनतेची संमती हवी, तर मग स्त्रियांना वगळायचं कोणत्या न्यायाने? हा प्रश्न त्याने तिथे गंभीरपणे मांडला, आणि पात्रतेच्या अटी बदलायला घेतल्या तर त्याला अंत राहणार नाही, स्त्रियाही मत मागतील, या भीतीने मिटवला. बायकोपुढे हसण्यावारी नेलेला मुद्दा परक्या माणसापुढे त्याला टाळता आला नाही.

१७७८ पासून जॉन युरोपात वकिलात सांभाळू लागला आणि दोघांमध्ये अटलांटिक आला. पत्र पोचायला महिने लागत, जहाज शत्रूच्या हाती पडलं तर पोचतही नसे. या काळात अ‍ॅबिगेल व्यापारी झाली. जॉनने पाठवलेले रुमाल, फिती, चिनी मातीची भांडी ती मॅसॅच्युसेट्समध्ये विकायची आणि घर चालवायची. त्याचा जीव जमिनीत, तिचा सरकारी रोख्यांत. पैसे गुंतवण्यावरून दोघांचे मतभेद पत्रांत स्पष्ट दिसतात. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता नाही, असा तेव्हाचा कायदा होता. तरी १८१६ मध्ये अ‍ॅबिगेलने स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं आणि बहुतेक ठेवा नाती, भाच्या, नोकरवर्गातल्या बायका यांना दिला. कायद्याने त्या कागदाला किंमत नव्हती. जॉनने तो पाळला.

या पत्रसंसारातला तिसरा माणूस थॉमस जेफर्सन. पुढे अ‍ॅबिगेलही जॉनकडे युरोपात गेली; जेफर्सन पॅरिसमध्ये राजदूत, अ‍ॅडम्स कुटुंब लंडनला. अ‍ॅबिगेल त्याच्यासाठी शर्ट आणि टेबलक्लॉथ खरीदायची, तो तिच्यासाठी पॅरिसहून बूट पाठवायचा. १७८७ मध्ये त्याची आठ वर्षांची मुलगी पॉली समुद्र ओलांडून लंडनला उतरली. सोबत चौदा वर्षांची गुलाम मुलगी, सॅली हेमिंग्ज. बाप स्वतः आला नाही, त्याने नोकर पाठवला. तोवर पॉली अ‍ॅबिगेलला इतकी बिलगली होती, की निघताना तिला सोडवावं लागलं. आपली नाराजी अ‍ॅबिगेलने जेफर्सनला लिहून कळवली.

पुढे पक्ष आडवे आले. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सनने तेव्हा अध्यक्ष असलेल्या जॉनला हरवलं, आणि ४ मार्च १८०१ च्या पहाटे, नव्या अध्यक्षाच्या शपथविधीची वाट न पाहता, जॉन वॉशिंग्टन सोडून निघून गेला. अबोला पडला. १८०४ च्या एप्रिलमध्ये पॉली वारली, पंचविशीत. ते कळल्यावर अ‍ॅबिगेलला राहवलं नाही. २० मे रोजी तिने जेफर्सनला सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्याने आभार मानले, पण जॉनने सत्ता सोडता सोडता केलेल्या न्यायाधीशांच्या नेमणुका आपल्याला लागल्या, हेही लिहिलं. मग ती गप्प बसणार थोडीच! तिच्या नवऱ्याची बदनामी करणाऱ्या कॅलेंडर या पत्रकाराला जेफर्सनने पैसे दिले होते, ती जखम तिने उघड केली. पत्रांची फेरी ऑक्टोबरपर्यंत चालली आणि तुटली. नोव्हेंबरात जॉनने ती सगळी वाचून शेवटी नोंद केली, की हा व्यवहार आपल्या नकळत सुरू झाला आणि पार पडला.

समेट घडवला फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रश यांनी. १८०९ मध्ये त्यांनी जॉनला एक स्वप्न कळवलं: भविष्यातल्या एका इतिहासग्रंथात दोन माजी अध्यक्षांची मैत्री पुन्हा जुळल्याचं आपण वाचलं. दोन वर्षं रश दोघांनाही आर्जवं करत राहिले. १ जानेवारी १८१२ ला जॉनने जेफर्सनला दोन ओळी लिहिल्या, सोबत घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय म्हणून. ते खरं तर मुलगा जॉन क्विन्सीच्या वक्तृत्वावरील व्याख्यानांचे दोन खंड होते. पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं, आणि जेफर्सनने व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर मनापासून उत्तर लिहिलं! त्यानंतरच्या चौदा वर्षांत दोघांत १५८ पत्रं झाली, त्यांतली शंभराहून अधिक जॉनची. एकमेकांना नीट समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरू नये, असं तो १८१३ मध्ये लिहितो. १८१८ च्या ऑक्टोबरात अ‍ॅबिगेल विषमज्वराने गेली, तेव्हा जेफर्सनने लिहिलेलं पत्र त्याच्या स्वतःच्या विधुरपणाच्या अनुभवातून आलेलं आहे. दोघं मित्र एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ ला गेले.

हे सगळं वाचता येतं, कारण कोणीतरी सांभाळलं. जेफर्सनने स्वतःच्या पत्नीशी झालेला पत्रव्यवहार नष्ट केला. मार्था वॉशिंग्टननेही नवऱ्याच्या पत्रांचं तेच केलं, त्यांतली मोजकीच निसटली. अ‍ॅडम्स घराण्याने मात्र कागद जपले. १८४० मध्ये नातू चार्ल्स फ्रान्सिसने आजीची पत्रं पुस्तकरूपात आणली आणि १९५६ मध्ये सगळा संग्रह मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेला. तिथे तो खंडशः छापला जात आहे: कौटुंबिक पत्रव्यवहाराची मालिका वेगळी, जॉनच्या सार्वजनिक कागदपत्रांची वेगळी. त्यामुळे अ‍ॅबिगेलची मार्च १७७६ ची मागणी एका मालिकेत आहे आणि सलिव्हनला लिहिलेलं मे महिन्याचं पत्र दुसरीत. तो वाद पूर्ण वाचायचा असेल तर दोन्ही खंड शेजारी शेजारी उघडावे लागतात.