व्हॉरम पर्सी येथील चर्च

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशरमधील व्हॉरम पर्सी या उजाड मध्ययुगीन खेड्यातील भग्न चर्च. सेंट मार्टिनच्या नावाने ओळखले जाणारे हे चर्च यॉर्कशर वोल्ड्स टेकड्यांतील एका दरीत आहे. गावातील शेतकऱ्यांची घरे नष्ट झाली असून त्यांच्या जागा गवताखालील उंचवट्यांवरून ओळखता येतात. जमिनीवर उभी राहिलेली मध्ययुगीन वास्तू एवढीच.

येथे दहाव्या शतकात लाकडी चर्च असावे. पुढे त्याच्या जागी दगडी चर्च आले. वस्ती वाढली, तशा बाराव्या व तेराव्या शतकांत त्याच्या दोन्ही बाजूंना पार्श्ववीथी जोडण्यात आल्या. १३४८–४९ मधील प्लेगच्या साथीत अनेक लोक दगावले. तथापि गाव त्यामुळे उठले नाही. लोकरीचा व्यापार किफायतशीर ठरल्याने जमीनदारांनी शेतजमिनी मेंढ्यांच्या कुरणांखाली आणल्या आणि १५०० च्या सुमारास अखेरची कुटुंबे निघून गेली. वस्तीबरोबर चर्चही आक्रसले : पार्श्ववीथी पाडून त्यांकडील कमानी बुजविण्यात आल्या. भिंतींतील या कमानी अद्यापि दिसतात. खेड्याचा उत्कर्ष व ऱ्हास अशा रीतीने वास्तूच्या बांधणीतच उमटला आहे.

गाव उठल्यावरही चर्च वापरात राहिले. कारण थिक्सेंडेलसारख्या आसपासच्या वस्त्या त्याच्याच पॅरिशमध्ये मोडत. १८७० मध्ये थिक्सेंडेलला स्वतंत्र चर्च झाल्यावर त्याचे महत्त्व ओसरले. १९४९ नंतर तेथील उपासना बंद पडली आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला.

इतिहासकार मॉरिस बेरस्फर्ड व पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० या काळात येथे दर उन्हाळ्यात उत्खनन झाले. चर्चच्या आतील व आवारातील उत्खननात पूर्वीच्या बांधकामांचे पाये व सुमारे ७०० मानवी सांगाडे मिळाले. त्यांच्या अभ्यासातून ग्रामस्थांचे आजार, आहार व मुलांची वाढ यांविषयी माहिती उपलब्ध झाली, उदा., मुलांना सुमारे दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर पाजीत, असे हाडांच्या रासायनिक परीक्षणावरून दिसून आले. ज्यांच्या आयुष्याविषयी लेखी नोंदी जवळजवळ नाहीत, अशा सामान्य शेतकऱ्यांच्या इतिहासाचे हे महत्त्वाचे साधन होय.

चर्चचे छप्पर व मनोऱ्याचा पडलेला भाग पुन्हा न बांधता अवशेष आहेत त्या स्थितीत सुरक्षित ठेवले आहेत. इंग्लिश हेरिटेज ही संस्था या स्थळाची देखभाल करते.