शिडाच्या होडीतील बिऱ्हाड

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील मुलांस पाणी अपरिचित नाही. वैनगंगेच्या काठी धीवरांचे डोंगे पुष्कळांनी पाहिलेले असतात, आणि सहल नवेगावबांधच्या तलावाकडे गेली म्हणजे नावेत प्रथम कोणी बसावे ह्यावरून भांडणेही होतात. समुद्र मात्र आपणांपासून दूर. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस जावयाचे तर रात्र गाडीत काढावी लागते. अशाच एका सहलीत सातवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आईबाबा, भाऊबहिणी, सगळेच नावेत राहायला गेले तर?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पुढे थोडे वाचन घडले, तेव्हा तो प्रश्न हसण्याजोगा नव्हता हे ध्यानी आले. लहान मुलांसह शिडाच्या होडीत संसार थाटून महासागर ओलांडणारी कुटुंबे होऊन गेली आहेत व आजही आहेत.

ही होडी केवढी असते? गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ५६ फूट लांबीची. नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कुटुंबांच्या होड्या बहुधा ह्याहूनही लहान असतात. आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवल्या, की ही लांबी संपली. रुंदी तर एका खोलीइतकीही भरणार नाही. त्यातच स्वयंपाकघर, निजावयाच्या फळ्या, धान्य, शिडे आणि दोरखंड.

वारा शिडावर रेटला की होडी एका अंगावर कलते. तळाशी शिसे किंवा लोखंड भरलेले असल्यामुळे ती सहसा उलटत नाही. पण कललेलीच राहते, आणि तीही कधी कधी आठवडाभर! म्हणून चूल दोन खिळ्यांवर झोक्यासारखी टांगतात. होडी कलली तरी भांडे सरळ राहते. निजलेले मूल खाली पडू नये म्हणून फळीच्या कडेला जाड कापड ताणून बांधतात. कठड्याभोवती जाळे लावतात, आणि मूल वर आले की त्याच्या अंगातील पट्ट्याची दोरी होडीला अडकवलीच पाहिजे, असा नियम असतो. ह्या नियमाला लाडाची सवलत नाही. रात्री आईवडील आळीपाळीने पहारा करितात, कारण होडी झोपत नाही.

परंतु खरी चिंता गोड्या पाण्याची. चार माणसे, प्रत्येकी दररोज तीन लिटर, आणि तीस दिवसांची वाट. गणित करा, ३६० लिटर झाले. हे केवळ पिण्याचे व शिजविण्याचे. भोवती क्षितिजापर्यंत पाणी, आणि आई मात्र पेला मोजून देते! हल्ली खारे पाणी गोडे करणारी यंत्रे मिळतात; तथापि शहाणी मंडळी त्यांच्यावरच विसंबून राहत नाहीत.

आता एका जुन्या कुटुंबाची हकीकत सांगतो. जोशुआ स्लोकम हा कॅनडातील नोव्हा स्कोशियात जन्मलेला व पुढे अमेरिकन झालेला कप्तान. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया त्याच्याबरोबर जहाजावरच संसार करी. तिची सात मुले, पैकी चारच जगली. गारफिल्ड हा मुलगा १८८१ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जहाजावरच जन्मला. १८८४ मध्ये ब्युनोस आयरिस येथे ती माउली जहाजावरच वारली. पुढे १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याशी ते जहाज वाळूत रुतून मोडले. स्लोकम, त्याची दुसरी पत्नी हेटी, व्हिक्टर व लहानगा गारफिल्ड अशी चार माणसे परमुलखात उघड्यावर पडली. तेव्हा बापलेकांनी मोडक्या जहाजाचे सामान व तेथील लाकूड घेऊन ३५ फुटांची होडी बांधिली, आणि हेटीने शिडे शिवली. होडी पाण्यात लोटली तो दिवस १३ मे १८८८. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून तिचे नाव 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. २४ जून रोजी ते निघाले, आणि समुद्रात ५५ दिवस काढून, ५,५१० मैल तोडून दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यास सुखरूप लागले. गारफिल्डचे वय तेव्हा सात वर्षांचे, म्हणजे आपल्या दुसरीतील मुलाएवढे.

ह्या कथेचे पुस्तकी गुणगान पुष्कळ होते. मला मात्र हेटीची आठवण राहते. त्यानंतर ती पतीबरोबर कधीही अशा सफरीस गेली नाही. १८९५ ते १८९८ ह्या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून स्लोकम जगात गाजला, तेव्हा ती किनाऱ्यावरच होती. शिडे शिवणाऱ्या हाताचेही मत असते.

दुसरे कुटुंब रॉबर्टसन ह्यांचे. इंग्लंडात समुद्रापासून दूर, स्टॅफर्डशायर परगण्यात, ही मंडळी गाईम्हशींचा नव्हे, केवळ गाईंचा गोठा सांभाळीत. वडील डुगल पूर्वी व्यापारी जहाजांवर होते. आई लिन शिकलेली परिचारिका. मुलांना जग दाखवावे ह्या हेतूने शेत विकून त्यांनी 'लुसेट' नावाची ४३ फुटांची जुनी लाकडी होडी घेतली आणि जानेवारी १९७१ मध्ये फॉलमाउथ सोडले. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस पूर्वेकडून जो स्थिर वारा वाहतो, त्याच्या पाठबळावर अशी कुटुंबे पश्चिमेकडे जातात. तीच वाट ह्यांनी धरिली. थोरली मुलगी वाटेत बहामा बेटांवर उतरली, आणि पनामाला एक तरुण विद्यार्थी होडीत आला.

१५ जून १९७२ रोजी, गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेस, शिकारी देवमाशांच्या धडकांनी होडीचा तळ फुटला. काही मिनिटांत ती बुडाली. आईवडील, डग्लस, नील व सँडी हे लहान जुळे भाऊ, आणि तो विद्यार्थी असे सहा जण रबरी तराफ्यात उतरले. सुमारे सतरा दिवसांनी तराफाही निकामी झाला, तेव्हा नऊ-दहा फुटांच्या लहानशा होडक्यात सहा माणसे! पावसाचे पाणी धरावे, मासे व कासवे पकडावीत, कासवाचे रक्त प्यावे, मांस उन्हात वाळवावे. अन्नपाण्याच्या वाटणीत मुलांचा घास आधी धरावयाचा. अडतीस दिवसांनी, २३ जुलै रोजी, एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांस वर घेतले. सहाही जण जिवंत होते.

काही पालक म्हणतील, अशा बापास शिक्षाच हवी. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु त्या अडतीस दिवसांत मुले जगली ती नुसत्या नशिबाने नव्हे. पाण्याचा प्रत्येक घोट मोजणारी आई व पावसाचा ढग ओळखणारा बाप जवळ होता म्हणून. उलट, आपली होडी बुडाल्याचे जगास कळविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, ही चूक मी डुगल ह्यांच्या पदरी घालतो. आज उपग्रहामार्फत हाक देणारे लहानसे यंत्र मिळते. ते घेतल्यावाचून मुलांना घेऊन निघणारा बाप मला तरी निष्काळजीच वाटेल.

हा वाद न्यायालयापर्यंतही गेला आहे. लॉरा डेकर ही मुलगी १९९५ मध्ये, आईबाप होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता, न्यूझीलंडमध्ये जन्मली. तिची पहिली वर्षे पाण्यावरच गेली. पुढे तेरा वर्षांची असता तिने एकटीने जगप्रवासास निघण्याचे ठरविले, तेव्हा नेदरलंड्समधील न्यायालयाने तिला सरकारी देखरेखीखाली ठेवून थांबविले. २०१० मध्ये ती देखरेख उठली. आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने प्रदक्षिणा पुरी केली.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्यास यथावकाश सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व मग विचारले, "आणि शाळा, सर?" मी म्हणालो, होडीतही रोज सकाळी पाठ होतात, आईबाप शिकवितात, आणि वर्ग एवढा लहान असतो की मागच्या बाकावर बसण्याची सोय नाही. हे ऐकल्यावर त्याचा उत्साह बराच ओसरला.