कंपायलरची परीक्षा
माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या बोलीत उतरविण्याचे काम कंपायलर करतो. परंतु संगणकाच्या भाषाही वाढत असतात. सी प्लस प्लस या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. पुढे २०११, २०१४ व २०१७ साली नवी प्रमाणे आली. नव्या प्रमाणानुसार लिहिलेली आज्ञावली जुन्या कंपायलरच्या हाती पडली, तर तिचा अर्थ त्याला लागत नाही. म्हणून बांधणीपूर्वी त्याची परीक्षा घेणे अगत्याचे ठरते.

सर्वांत सोपा मार्ग त्यालाच विचारण्याचा. आपण कोणते प्रमाण पाळतो, हे तो एका ठराविक अंकाने सांगतो. २०११ च्या प्रमाणाचा अंक २०११०३ हा होय. परंतु मायक्रोसॉफ्टचा कंपायलर नवी प्रमाणे जाणत असूनही, निराळी सूचना न दिल्यास १९९७११ हा जुनाच अंक सांगतो. म्हणजे केवळ उक्तीवर विसंबता येत नाही. १९९१ साली सुरू झालेले ऑटोकॉन्फ हे साधन म्हणूनच कृती पाहते : चार ओळींचा नमुना कंपायलरपुढे ठेवायचा आणि तो स्वीकारला जातो की नाही, हे पाहायचे.

तथापि स्वीकार म्हणजे सामर्थ्य नव्हे. २०१३ च्या जीसीसी ४.८ मध्ये मजकुरातील आकृतिबंध शोधण्याची नवी सोय बव्हंशी नावापुरतीच होती. नमुना बिनतक्रार स्वीकारला जाई. चालविताना मात्र तो कोलमडे. ही उणीव २०१४ च्या ४.९ आवृत्तीत दूर झाली. तेव्हा नमुना प्रत्यक्ष चालवून त्याचे उत्तरही पडताळावे, आणि ते चुकल्यास बांधणी तेथेच थांबवावी. आरंभीचा स्पष्ट नकार हा पुढील फसव्या होकारापेक्षा केव्हाही हितकर होय.