रस्ता पाहून सायकल

करंजाडे ते बेलापूर हे अंतर बारा-तेरा किलोमीटरचं. माझा भाचा ते रोज सायकलने कापायचा. मित्राकडून त्याने जुनी रोड सायकल घेतली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर आणि एका हाताने जिना चढवावी इतकी हलकी. लोकलची वाट नाही, रिक्षाची रांग नाही. स्वारी खूश होती.

मग जुलै आला. साचलेल्या पाण्याखाली गटाराच्या जाळीची फट त्याला दिसली नाही. पुढचं चाक फटीत अडकलं आणि हा हँडलवरून पलीकडे. खांद्याजवळचं हाड मोडलं. कित्येक आठवडे हात झोळीत.

माझ्या थोरल्या बहिणीने निकाल दिला, "आता या घरात सायकलचं नाव काढायचं नाही." हात बरा झाल्यावर तो माझ्याकडे आला. "मामू, अम्मीला तुम्हीच समजवा. दुकानदार म्हणतो, रोड नको, सायक्लोक्रॉस घे. घेऊ का?"

मी कवी माणूस. यमक जुळवता येतं, गिअर जुळवता येत नाही. पण प्रश्न पोराच्या हाडांचा होता. म्हणून चार दुकानं फिरलो, जाणकारांना विचारलं. जे उमगलं ते आपल्यापुढे ठेवतो.

रोड सायकल वाईट नाही. ती गुळगुळीत डांबरासाठी जन्मली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांचा संघ करून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर! अशा अंतरासाठी रोड सायकलच हवी. पण तिचे टायर पूर्वापार २३ ते २५ मिलिमीटर रुंदीचे. त्यांत शंभर पौंडांच्या आसपास हवा भरावी लागते. हवा थोडी कमी झाली आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं, की ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. जुन्या धाटणीच्या सायकलींत टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये जागा इतकी कमी असते, की धड मडगार्डही बसत नाही.

आता सायक्लोक्रॉस. दिसायला ती रोड सायकलची सख्खी बहीण. हँडल तसंच वळलेलं, पण स्वभाव वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सकडचे शर्यतपटू हिवाळ्यात अंग तयार ठेवण्यासाठी शेतं, चिखल, ओढे ओलांडत सायकल हाकू लागले. जिथे हाकता येईना, तिथे ती खांद्यावर घेऊन धावू लागले. १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा. चिखल अडकू नये म्हणून या सायकलीच्या चिमट्यात, म्हणजे चाक बसतं त्या दुपाखी दांड्यात, ऐसपैस जागा ठेवतात. मोठ्या स्पर्धांत टायर ३३ मिलिमीटरपर्यंत चालतो. अशा टायरला ५० ते ७० पौंड हवा पुरते आणि खड्ड्याचा दणका मनगटापर्यंत कमी पोचतो.

म्हणजे दुकानदार खरं बोलला? अर्धं खरं. सायक्लोक्रॉसची शर्यत तासाभराची. ती संपली की खेळाडू अंघोळ करतो आणि सायकलही धुतो. त्यामुळे निव्वळ शर्यतीच्या सायकलीला मडगार्ड नसतं, कॅरिअर लावायला भोकं नसतात. आपल्याला मात्र धुतलेला शर्ट घालून कचेरीत बसायचं असतं. शिवाय तिचे काटेरी टायर मातीत पकड घेतात, पण डांबरावर घरघरतात आणि ओल्या काँक्रिटवर साध्या टायरइतके टेकत नाहीत.

तेव्हा सायकल पारखताना नावावर जाऊ नका. पुढच्या चिमट्यात टायरच्या दोन्ही बाजूंना बोट शिरतं का, ते पाहा. मडगार्ड आणि कॅरिअरचे स्क्रू बसायला भोकं आहेत का, ते विचारा. आपल्या पावसात डिस्क ब्रेक बरे. रिमवर रबर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा पकडतात, आणि त्यांत अडकलेली रेती रिम घासून काढते. काटेरी टायर उतरवून ३२ ते ३५ मिलिमीटरचे साधे टायर चढवा. या साऱ्या सोयी असलेली, सायक्लोक्रॉसच्याच वळणाची सायकल हल्ली 'ग्रॅव्हल' म्हणून मिळते. सरळ हँडल चालत असेल तर 'हायब्रिड'मध्येही त्या सापडतात, आणि सहसा कमी पैशांत. नव्या रोड सायकलींतही आता ३० मिलिमीटरचा टायर बसू लागला आहे. रस्ता बारमाही चांगला असेल, तर तीही चालेल.

एक बारीक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. यांतल्या अनेक सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असतो. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पितळेची छोटी टोपी मिळते, ती खिशात असू द्या.

हे सगळं ऐकताना मला अब्बांची काळी सायकल आठवत होती. तिच्यावर ते कापडाचे गठ्ठे वाहत. तिचा टायर २८ बाय दीड इंची. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! म्हणजे सायक्लोक्रॉसपेक्षाही रुंद. वर पूर्ण मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर. जड होती, पण आपला रस्ता तिला ठाऊक होता.

रस्त्याचा चांगला भाग कोणत्याही सायकलीवर पार होतो. म्हणून सायकल निवडावी ती वाटेतल्या सर्वांत वाईट किलोमीटरसाठी आणि वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यासाठी. अर्थात, जाळीची फट चाकाच्या दिशेने असेल, तर रुंद टायरही दर वेळी वाचवेल असं नाही. ती जाळी आडवी बसवणं हे रस्ता बांधणाऱ्यांचं काम आहे. आणि पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल, तर उतरून चालण्यात कमीपणा नाही.

भाच्याने ग्रॅव्हल घेतली. बहिणीने एकच अट घातली: पाणी तुंबेल त्या दिवशी लोकल. मग खाली उतरून तिने अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा अब्बांच्या सायकलीसारखा वाटतो. जा."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)